नेटच्या डब्याची पूजा

बायको गेली, पोरगी लगीन होऊन पुण्याला गेली. तवापासून बदनापूरच्या घरात मी, माझं शिलाई मशीन आन् पोरीनं घेऊन दिलेला कम्प्युटर, असे तिघंच. त्यातला बोलणारा मी एकटाच. फोन माझा बटनाचा, म्हणून पोरीचं तोंड बघायचं तर कम्प्युटरवरच.

मागच्या खंडेनवमीला नातीसाठी झगा शिवून धाडल्ता. माप फोनवरच घेतल्तं, म्हणून जिवाला धाकधूक. पोरगी म्हणली, "सहाला कम्प्युटर लावा बाबा, ती घालून दाखवील. सातला आम्हाला बाहेर जायचंय." मी दुपारपासूनच नवा शर्ट घालून बसलो, जसं काय माझंच माप बघणार हायेत.

त्या दिवशी सकाळी पूजेला मशीन, कात्री, टेप मांडली. मंग वाटलं, नेटचा डबा बी रोज राबतो, त्याला कामून सोडायचं? त्याच्या वायरी काढल्या, पाटावर बसवला, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आन् परत जागेवर नेऊन ठिवला.

सहाला बघतो तर नेट न्हाई. पोरीला फोन लावला.

"डब्यावरचा दिवा कोणत्या रंगाचा हाय?"

"लाल."

"मंग लाईनच बंद हाय. हिरवा पाहिजे. बटन बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा."

केलं. "लालच."

"चष्मा लावलाय का?"

"चाळीस वर्षं कापडाला धागा जुळवलाय, मला रंग शिकवू राह्यली का?"

ती हसली. मंग डबा बंद-चालू करता करता गोष्टी निघाल्या. काय जेवलो, वांग्यात मीठ किती पडलं, गुडघा कसा हाय. एरवी कम्प्युटरवर पाच मिनिटं बोलती, त्यातली तीन नातीच्या मागं पळण्यात जात्यात. आज अर्धा तास माझ्याच कानाशी होती.

डबा उचलला तर बोटाला लाल लागलं. सकाळी मी कुंकू बराबर दिव्यावरच टेकवल्तं. पुसलं, तर आतून हिरवागार. आन् कम्प्युटरची वायर मागं लोंबत होती, लावायचीच राह्यल्ती.

"आता कोणता रंग बाबा?"

"लाल," मी म्हणलो. म्हणलं अजून पाच मिनिटं बोलून घेऊ, मंग सांगू. झगा बघायला टाइम हायच की.

"जाऊ द्या मंग. आम्हाला निघावं लागंल, जल्दी हाय. उद्या नेटवाल्याला बोलवा."

"आन् झगा?"

"बराबर बसला," म्हणली आन् फोन ठिवला.

गिऱ्हाईक शिंप्याला हेच सांगतं, आन् घरी जाऊन टिपा उसवतं.

वायर लावली. नेट बिलकुल चालू. पोरीला कम्प्युटरवरून कॉल लावला, कोणी उचलला न्हाई. पडद्यावर मीच, नवा शर्ट घालून. कॉलर एका बाजूनं वर आल्ती. समोरून सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून मीच हात लावून नीट केली. पडद्यातल्यानं बी केली.