विलायतेतली वाळवी

आमच्या धाकट्या दिरांना, विठोजींना, कुणी विचारलं की तुम्ही काय काम करता, तर ते म्हणत, "याद्या करतो." विचारणारा पुढचं ऐकायला थांबे आणि भावजी चहा पीत बसत. मग मलाच सांगावं लागे, की ते एका मोठ्या संशोधन संस्थेच्या लायब्ररीत आहेत, आणि विलायतेहून येणाऱ्या जर्नलांचा सगळा ठावठिकाणा त्यांच्याकडे असतो. हे मला तरी कुठलं ठाऊक? मी कानडी शाळेत तिसरीपर्यंत गेलेली बाई. मराठी लिहा-वाचायला वडिलांनी घरी शिकवलं. बाकीचं भावजींनी.

जर्नल म्हणजे विद्वानांचं मासिक. वर्षाचे अंक एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधले की झाला खंड. पण ही मासिकं सरळ नांदत नाहीत. एक नाव बदलतं, एकाची दोन होतात, दोघांचं मिळून एक होतं, एखादं तीन वर्षं बंद पडून पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू होतं. "आपल्या चिकपेटेच्या बाजारातल्या भाऊबंदांसारखं आहे अक्का," ते म्हणत, "दुकान एकच, पाट्या तीन." ते मला वहिनी म्हणत नसत. इथल्या कानडी रीतीनं अक्काच म्हणत.

म्हणून त्यांनी प्रत्येक जर्नलाचं एक कार्ड केलं होतं. कधी सुरू झालं, नाव कधी बदललं, कुठले खंड आपल्याकडे आहेत, कुठले नाहीत, आणि नाहीत तर का नाहीत. हे 'का नाहीत' कुणी त्यांना लिहायला सांगितलेलं नव्हतं. रंगांच्या रसायनाचं एक जर्नल होतं. त्याचे बारावा आणि तेरावा हे दोन खंड एकाहत्तर साली कोपऱ्यात ओल येऊन वाळवीनं खाल्ले. भावजी सुट्टीच्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात गेले, तिथे ते दोन खंड होते, आणि आत काय काय आहे ते हातानं उतरवून घेऊन आले. त्या रविवारी घरी त्यांच्यासाठी वरणफळं केली होती. ती मल्लाप्पानं खाल्ली. मल्लाप्पा त्यांच्या लायब्ररीतला शिपाई, दोघं एका वयाचे, घरच्यासारखा.

माझी जाऊ सोयराबाई लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. बनशंकरी भागातल्या आमच्या घरात वरची खोली त्यांची, जेवण आमच्यात. माझ्या स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. एकदा मी हिंगाच्या डब्यात मेथी भरली, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. "बाहेर एक नि आत एक, असं चालणार नाही अक्का." मेथीच होती, विष नव्हतं. पण माणूस तसा होता.

शहाण्णव साली हयवदन आमच्या घरी आला. तो एजन्सीचा माणूस. प्रकाशक विलायतेत, लायब्ररी इथे, आणि मधे तो.

"म्हणजे लग्न जमवणारा," मी म्हटलं.

"त्याहून वाईट, अम्मा. लग्न जमलं की तो सुटतो. मला दर वर्षी यावं लागतं."

चकल्या खात खात त्यानं काम सांगितलं. आता जर्नलं कागदावर यायची नाहीत, सीडीवर येतील, पुढे तर तारेतून येतील. एका मोठ्या प्रकाशकाची साठ जर्नलं तशी मिळणार आहेत. तुमच्याकडे काय काय आहे त्याची यादी द्या, म्हणजे आम्ही ताडून बघू. भावजी चार महिने खपले. कार्डं समोर ठेवून एकेका बोटानं कम्प्युटरवर टाइप केलं, वर्षं, खंड, तुटलेले दुवे, आणि शेवटच्या रकान्यात कारण. दोन काळ्या चौकोनी फ्लॉपी रुमालात बांधून त्यांनी हयवदनच्या हातात दिल्या, मुलगी सासरी द्यावी तशा.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात एजन्सीची यादी आली. प्रकाशक काय काय देणार आहे त्याची. साठच्या साठ जर्नलं, एकावन्न सालापासूनची. भावजी पायऱ्या चढून वर न जाता आधी माझ्याकडे आले.

"अक्का, तंतोतंत जुळतंय. एक वर्ष इकडचं तिकडे नाही."

"दोन पत्रिका इतक्या जुळल्या तर भटजीनं घोळ केला समजावं," मी म्हटलं. ते हसले. मीही हसले. बोलून गेले होते, मनात काही नव्हतं.

त्यांचे मोठे साहेब कृष्णमूर्ती म्हणून होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कम्प्युटरची खोली हवी होती आणि खोलीत अडीच हजार खंड उभे होते. सगळं जर सीडीवर आहे तर खंड कशाला? त्यांनी कागद केला, की जे काढून टाकायचं ते सगळं यादीत आहे. त्यावर भावजींनी सही केली. त्यांच्याशिवाय कुणाच्या सहीला तिथे अर्थ नव्हता. दसऱ्यातल्या आयुधपूजेला नव्या कम्प्युटरला कुंकू लागलं, त्याच्यापुढे कोहळा फुटला, आणि खंडांना सुतळ्या बांधायला सुरुवात झाली. संक्रांत झाली की ट्रक येणार होता.

डिसेंबरात एका संध्याकाळी मी पडवीत अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत बसले होते. भावजी शेजारी ती यादी घेऊन पुटपुटत वाचत होते. काहीजण जप करतात, हे यादी वाचत.

"…रंग रसायन, एकावन्नपासून, बारा तेरा नाहीत…"

"का नाहीत?" मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

"वाळवीनं खाल्ले ना. मी वरणफळं चुकवली तो रविवार."

"हो, पण ते आपले. ही यादी विलायतेची ना? त्यांच्याकडेही तेच दोन खाल्ले?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मी सोललेल्या दाण्यांत सालं टाकत गेले आणि सालांत दाणे.

आहेराची साडी अशी फिरते. आपण एका लग्नात देतो, ते दुसऱ्या लग्नात देतात, आणि चार वर्षांनी कुणीतरी आपल्याच ओटीत घालतं. पदराला पडलेला हळदीचा डाग बघून कळतं, ही आपलीच.

सकाळी पहिल्या बसनं ते गेले. सगळ्या सीडी एकामागून एक घालून बघितल्या. चौऱ्याण्णवच्या मागचं एक पान त्यात नव्हतं. तिथूनच हयवदनला बोलावलं. तो काय म्हणाला ते भावजींनी मला शब्दाला शब्द सांगितलं.

"सर, प्रकाशकानं नावं पाठवली, वर्षं पाठवलीच नाहीत. रकाना रिकामा कसा ठेवायचा? तुमची यादी इतकी नीट होती, त्यातली वर्षं भरली. कारणाच्या रकान्याला आमच्याकडे जागा नव्हती. स्वल्प थांबा, खरी यादी येईल."

"कधी येईल?"

"येईल सर."

भावजी कृष्णमूर्तींकडे गेले. ते म्हणाले, "विठोजी, सही तुमची आहे. खोलीचं उद्घाटन ठरलंय. मी माझ्या तोंडानं वर काय सांगू, की आमच्या माणसाला वाटतं म्हणून? प्रकाशकाकडून लेखी आणा की जुनी वर्षं नाहीत. ट्रक येईपर्यंत मुदत आहे. आणलंत तर एक खंड हलणार नाही, माझा शब्द."

म्हणजे काही कठीण नव्हतं. सीडी ज्यांनी केली त्यांना आत काय आहे ते माहीत असणारच. भावजींनी ईमेल केला, वर पोस्टानं पत्र टाकलं. एकच प्रश्न विचारला, आमच्या लायब्ररीला तुम्ही कुठपासूनची वर्षं देता?

जेवायला बसले की विचारत, "अक्का, तिकडे नाताळची सुट्टी किती दिवस असते?" जशी मी दर नाताळात तिकडे जाऊन येत होते. त्या दिवसांत त्यांनी भाताला मीठ मागितलं नाही की ताक. मल्लाप्पा संध्याकाळी येऊन सांगे, "अण्णा, आज दोन कपाटं मी मुद्दाम बांधली नाहीत. सुतळी संपली म्हटलं."

संक्रांतीच्या दिवशी मी शेजाऱ्यांकडे एळ्ळु-बेल्ल्याची, म्हणजे इथल्या तिळगुळाची, पाकिटं वाटून आले, तर भावजी पडवीत बसलेले. उत्तर आलं होतं. उत्तर छान होतं. कुणा बाईनं आभार मानून लिहिलं होतं, की आम्ही आमच्या दप्तरात बघितलं, तुमच्या लायब्ररीला साठ जर्नलं एकावन्न सालापासून आहेत, तपशील सोबत जोडला आहे. सोबत यादी. वर प्रकाशकाचं छापील नाव, खाली शिक्का. रंग रसायन, बारा तेरा नाहीत.

हयवदनच्या एजन्सीनं तीच यादी प्रकाशकालाही पाठवली होती. त्यांनी ती फाइलला लावली. त्या बाईनं फाइल उघडून बघितली. सीडी उघडून बघितली नाही.

"पण साहेबांना सीडी घालून दाखवा ना," मी म्हटलं.

"दाखवली. साहेब म्हणाले, आज नसेल तर उद्या पाठवतील. आता तर लेखी आहे." कागदाची घडी करत म्हणाले, "मीच आणलं ना लेखी."

ट्रक आला तेव्हा ते रजा घेऊन घरी बसले नाहीत. मी बसा म्हटलं होतं. मल्लाप्पा सांगत होता, अण्णा दारात उभे होते आणि जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यातल्या खंडांच्या पाठीवरची नावं वाचत होते. ट्रक आनेकलकडे कुठल्याशा पुठ्ठ्याच्या कारखान्यात गेला. पुढे मे महिन्यात भावजी निवृत्त झाले. त्या चार महिन्यांत जुना लेख मागायला येणाऱ्या पोरांना कम्प्युटर सांगे, आहे. उघडलं की नसे. एक मुलगी त्यांना म्हणाली, "अंकल, तुम्हाला कम्प्युटर नीट येत नसेल, मी बघू का?" त्यांनी तिला खुर्ची दिली.

पण माणसाला धरायला काहीतरी लागतं. त्यांनी ते गावाच्या टोकाचं कॉलेज धरलं. तिथे साठातली पंचेचाळीस जर्नलं होती, तळघरात, कोरडी. निवृत्तीनंतरही कुणाचा फोन आला की ते उत्साहानं सांगत, "त्या कॉलेजात जा. जिन्याखालच्या दारानं. डावीकडची तिसरी रांग." फोन ठेवल्यावर चेहरा जरा बरा दिसे. मी मुद्दाम त्या वेळी चहा देत असे.

नव्व्याण्णव साली माझी नात अक्षरा त्याच कॉलेजात एम.एस्सी.ला गेली. भावजींनी तिला पहिल्याच आठवड्यात काम सांगितलं, तळघरात जा आणि नुसतं बघून ये.

ती संध्याकाळी आली ती खुशीत. "तळघरात आता कम्प्युटर लॅब आहे, आजोबा. खंड काढून टाकले गेल्या वर्षी. पण काळजी नको, सगळं यादीत आहे. तुमच्यासाठी छापून आणलीय." तिनं दप्तरातून कागद काढले.

त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. बोट एका ओळीवर थांबलं. मला वाचून दाखवायची गरज नव्हती.

"तिथे वाळवी कधीच लागली नव्हती," ते म्हणाले. "मी स्वतः ते दोन खंड हातात धरलेत."

"म्हणजे काय?" अक्षरा म्हणाली.

"यादी माझी आहे. हयवदननं तिकडेही दिली असणार. आणखी कुठे कुठे दिली ते त्यालाच माहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, मी 'का नाहीत' ते लिहिलं होतं."

"लिहिलं होतंत, भावजी."

"मग आता ते खंड कुठे मिळतील?" अक्षरानं विचारलं. एकतीस वर्षं लोक त्यांना हाच प्रश्न विचारत आले होते. त्यांनी चष्मा काढून घडी केला.

"माहीत नाही," ते म्हणाले.

त्यानंतर फोन आला तर मीच घेते, घरी नाहीत म्हणते. ते वरच्या खोलीत असतात.

त्या दिवाळीला मी डबे घासले आणि चिठ्ठ्या भिजून सगळ्या निघाल्या. डबे पुसून त्यांच्यापुढे ओळीनं मांडले, कागद कापून ठेवला, पेन दिलं. त्यांनी पेन हातात घेतलं. पहिल्या डब्याचं झाकण काढलं, वास घेतला, झाकण पुन्हा लावलं. पेन कागदावर आडवं ठेवलं.

"उघडून बघत जा, अक्का," ते म्हणाले आणि वर गेले.