लेन्स तपासताना

भिगवणला पक्षी बघायला जायचं होतं आणि खिशाला एकच लेन्स झेपणार होती, तीही वापरलेली. "मग ही झूम घ्या," दुकानदार म्हणाले. "अख्खं पाणीही मावेल आणि लांबचा पक्षीही जवळ येईल. लावा तुमच्या कॅमेऱ्याला आणि दारात उभं राहून तपासा."

दुकानासमोर, रस्त्यापलीकडे इस्पितळ आहे. आधी सगळी इमारत दिसली. कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी, खाली चहाची टपरी. बरी वाटली. लांबून सगळंच बरं वाटतं. मग मी लेन्स फिरवत गेलो आणि दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात बसलेली एक बाई एकदम समोर आली. मांडीवर न उघडलेला डबा, त्यावर दोन्ही हात. डोळे कोरडे, कुठेच न बघणारे. परक्या माणसाचं तोंड इतक्या जवळून मी कधी बघितलं नव्हतं. दूरचं जवळ येतं म्हणतात. येतं, पण आपण असतो तिथेच असतो. तिची विचारपूस करायला रस्ता ओलांडावा लागला असता. मी बटण दाबलं.

दुकानदारांनी फोटो मोठा करून बघितला. "फोकस बरोबर डोळ्यांवर बसलाय. सगळे तिथेच तपासतात. ती माणसं हलत नाहीत ना."

मी लेन्स घेतली.

भिगवणहून आल्यावर फोटो बघायला बसलो. पक्षी एकूणएक हलले होते. अख्ख्या कार्डात लख्ख फोटो एकच होता, सगळ्यात पहिला.