काटा मध्यावर

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार काटेकाका म्हणायचा. त्यांच्या हाताखालून गेलेला तराजू खोटं बोलत नाही, अशी ख्याती होती. रिकाम्या पारड्यांचा काटा बरोबर मध्यावर आला, की काम फत्ते. घरी मात्र काकांचा काटा एकदा मध्यावर आला, की तिथेच मुक्काम ठोकायचा आणि तोंडातून एकच शब्द निघायचा, “बघू.”

बघू म्हणजे काय, हे काकूंना लग्नानंतर लवकरच उमगलं होतं. गच्चीवर पत्रा घालायचा? बघू. मुलीची शाळा बदलायची? बघू. मुलगी शिकून नोकरीला लागली, पत्रा अजून बघण्यातच आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. ‘बघू’पुढे कपाळाला हात लावायचा, एवढंच हाती राहतं.

यंदा मुलीनेच लकडा लावला, दोघं कुठेतरी जाऊन या. काकूंना डोंगर चढायचा होता, काकांना संग्रहालयं पाहायची होती. तिथे जुने तराजू असतात आणि बसायला बाकंही. मुलीने दोन शहरं सुचवली, सोल आणि तैपेई; दोन्हीकडे दोन्ही मिळणार होतं. इथेच घात झाला.

“डोंगर चढायचाय तर यंदाच चढा,” डॉक्टरीणबाई काकूंचा गुडघा दाबत म्हणाल्या होत्या. “पुढच्या वर्षी हा काय म्हणेल, सांगता येत नाही.”

काका शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन कामाला लागले.

“तैपेईच्या टेकडीला पायऱ्या आहेत म्हणे. तुझ्या गुडघ्याला बरं.”

“मग तैपेई.”

“पण पायऱ्यांनीच गुडघे जातात, असंही म्हणतात.”

“मग सोल.”

“तिथले डोंगर खडे आहेत.”

काकू उठून कुकर लावायला गेल्या.

एक पारडं खाली गेलं, की काका दुसऱ्यात काहीतरी टाकायचे. हात त्याच कामाला सरावलेला, त्याला तरी काय दोष द्यायचा! सोलकडे संग्रहालय जास्त भरलं, की तैपेईकडे हवा जास्त चांगली व्हायची. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून झालं. शेवटी भाजीवाला वैतागला. “काका, नाणं उडवा आणि मोकळे व्हा.”

काकांनी उडवलं. सोल आलं. काकांनी नाणं उचलून चष्म्याजवळ धरलं. एक बाजू घासलेली वाटत होती. मग सोनाराचा बारीक तराजू काढून त्यांनी ते नाणं आणि गल्ल्यातलं दुसरं नाणं समोरासमोर ठेवलं. काटा जरासा कलला. कौल बाद.

“बघू,” काका म्हणाले. भाजीवाल्याने आपला काटा उचलला आणि वाट धरली.

एके दिवशी काका घरी आले, तर पलंगावर बॅग उघडी होती आणि दाराशी डोंगर चढायचे नवे बूट. एकच जोड.

“तैपेई,” काकूंनी घड्या घालता घालता सांगितलं. “धाकटीला रजा मिळाली. दोघी बहिणी जातोय.”

“अगं, पण सोल...”

“सोलही चांगलंच असेल.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. ते दाराशी खाली बसले, एक बूट हातात घेतला आणि सवयीने त्याचं वजन अजमावलं. चांगला हलका होता. हा बूट आपल्याशिवाय डोंगर चढून येणार, हे त्यांच्या लक्षात आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा काटा मध्यावरून पार एका बाजूला कलला.

“मीपण येतो,” काका म्हणाले. “तैपेई तर तैपेई. संग्रहालय नाही पाहिलं तरी चालेल. डोंगरच चढू.”

काकूंनी बॅगेची चेन लावली. नवऱ्याकडे पाहिलं, अगदी मायेने पाहिलं.

“बघू,” त्या म्हणाल्या.