हूकवरची काळी रेघ

१९४८ चा पावसाळा सरत होता. निजामाचं राज्य नुकतंच संपलं होतं. आमची लष्करी वर्कशॉप तुकडी तेरजवळ, तेरणेच्या काठी तळ देऊन होती. मी लोहाऱ्याचा, फिटर. नोकरीच्या निमित्तानं का होईना, आपल्या जिल्ह्यात होतो, याचंच सुख फार. तंबूत शेजारी वाशीचा महादू, ड्रायव्हर. आम्हा दोघांवर हवालदार सिद्रामप्पा.

रोज साडेसहाला क्रेनचा हूक तपासायचा. रॉकेल चोळायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, कोरडं पुसायचं, मग खडूचा पातळ लेप. लोखंडाला बारीक चीर असली की आत मुरलेलं रॉकेल पाझरतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. हूक कापावा लागत नाही, तोडावा लागत नाही. महादू म्हणायचा, हा रोज हूकला पावडर लावून नवरी करतो. आमच्या चहाच्या मगांवर कायम पांढऱ्या बोटांचे ठसे असायचे.

त्या सकाळी रेघ उमटली. मानेपाशी, नखाएवढी. हवालदारांनी भिंग लावून पाहिलं, क्रेन बंद केली आणि सोलापूरहून दुसरा हूक मागवला.

सव्वादहाला महादूची लॉरी काठावरून घसरून पात्रात उलटली. तो खाली अडकला. मी आणि एक जवान आत सरकलो, त्याचं डोकं पाण्याच्या वर धरून ठेवलं. काठावरचा वायरलेस ऐकू येत होता. कॅप्टनसाहेब विचारत होते.

"तोच हूक वापरता येईल का? ओव्हर."

हवालदार म्हणाले, "न्हाय, साहेब. खाली तीन माणसं आहेत. ओव्हर."

जॅक आणि लाकडी स्लीपर आले. इंच इंच लॉरी उचलायला सुरुवात झाली. महादूनं विचारलं, क्रेन का येत नाही. मी खरं ते सांगितलं.

"चीर कुणी हुडकली?"

"म्याच."

"मग आसंलच," तो म्हणाला.

पन्नास मिनिटांनी त्याला बाहेर काढलं. दवाखान्याच्या वाटेवर तो गेला. पुढं वर्कशॉपात त्या हूकला नेहमीच्या निम्मं वजन दिलं. तो तुटला. हवालदारांनी मला तुकडा दाखवला.

पंधरा दिवसांनी वाशीला गेलो. महादूच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"शेवटी त्याच्याजवळ कोण हुतं?"

"मी होतो, आबा. हात सोडला न्हाय."

मग आत वळून त्यांनी दोन ताटं वाढायला सांगितली आणि मला आपल्या शेजारी जेवायला बसवलं.