आठ नंबरचा लाल टॅग

माझी आई चाकणच्या एका कंपनीत डाय-स्टोअर सांभाळते. पत्र्याला आकार देणारी कुठली डाय कुठल्या रॅकवर आहे, हे कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आधी ती सांगते. मी फुशारकी मारतेय, मला माहीत आहे. मारणारच.

तिथे वर्षभर न हललेल्या डायला लाल टॅग लागतो आणि मग ती भंगारात जाते. टॅगचा नमुना बदलला तेव्हा जुन्या टॅगांचा गठ्ठा आमच्या कासारवाडीच्या घरी आला आणि मी ते वहीत खुणेसाठी घालू लागले.

माझी पीएचडी भुईमुगावर होती. झाडात वाढीचं एक संप्रेरक असतं, ऑक्सिन. ते एका पेशीतून दुसरीत पोचवणाऱ्या जनुकांचं एक कुटुंबच आहे. मुळात एकच जनुक, मग त्याच्या नकला होत गेल्या आणि नकलांनी वेगवेगळी कामं धरली. एका संध्याकाळी हे मी आईला मोठ्या ऐटीत समजावत होते. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आमच्याकडंबी तसंच हाय. नवं मॉडेल आलं की चालू डायला हात न्हाई लावत. तिची कॉपी काढायची आन् कॉपी घासायची. जुनी काम करतीया, म्हणून तर कॉपीवर प्रयोग करता येतो." जे समजायला माझी दोन वर्षं गेली, ते तिने एका भाकरीत उरकलं. मला रागच आला.

माझं घोडं अडलं होतं आठव्या नकलेपाशी. पान, मूळ, खोड, फूल, कुठेच ती चालू दिसेना. भुईमुगाचं फूल गळलं की खालून आऱ्या सुटतात आणि जमिनीत शिरतात, त्यांच्या टोकाला शेंग धरते. त्या आऱ्याही मी तपासल्या होत्या. गाइड म्हणाले, ही मेलेली नक्कल आहे, तसं लिहा आणि प्रबंध सादर करा. फेलोशिप संपत आली होती. मी आठ नंबरच्या पानावर लाल टॅग घातला आणि मोकळी झाले.

रविवारी टेबल पुसताना आईला तो दिसला. तिच्या रॅकवर टॅग लावायची एक रीत आहे, कंपनीची नाही, तिची स्वतःची. टॅग लावण्याआधी ती प्रत्येक मशीनवरच्या माणसाला जाऊन विचारते, ही तुझ्याकडे कधी लागते का. तिने मला तेच विचारलं. मी सगळी यादी सांगितली. आऱ्यांपाशी तिने मला थांबवलं. लातूरकडे तिचं बालपण शेंगा उपटण्यात गेलेलं.

"कुठल्या आऱ्या? वरच्या का मातीत गेलेल्या?"

वरच्या. हवेत लोंबणाऱ्या. त्या चिमट्याने सहज तोडता येतात. मातीतल्या काढायच्या तर झाड उपटा, माती धुवा, हात चिखलात घाला. पीएचडीच्या तोऱ्यात मी तेवढी टंगळमंगळ केली होती. मी 'वरच्या' म्हणाले, आणि आईने वहीतला टॅग काढून टेबलावर ठेवला.

सोमवारी मी झाडं उपटली. गाइडकडे महिनाभराचा वेळ मागून घेतला, त्यांनी तोंड वाकडं करून दिला. आरी मातीत शिरून अंधारात गेली की आठ नंबर चालू होत होता. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं, तेच. बाकीच्या नकला झाडभर राबत होत्या, आणि हिने एवढं एकच काम धरलं होतं.

तोंडी परीक्षेला आई पहिली शिफ्ट करून थेट आली, कंपनीच्या निळ्या युनिफॉर्ममध्येच, आणि शेवटच्या बाकावर बसली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, मातीतल्या आऱ्या पाहायचं कुणी सुचवलं. मी शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं. ऑडिटला उभी राहते तशी आई सरळ उभी राहिली.

"साहेब, टॅग लावायच्या आधी विचारावं लागतंय," ती म्हणाली आणि खाली बसली. परीक्षकांनी ते लिहून घेतलं.

तिच्या कंपनीत लावलेला टॅग कुणी काढला, तर काढणाऱ्याने त्यावर सही करायची असते. घरी आल्यावर मी तिने काढलेला टॅग आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. प्रबंधाच्या पहिल्या पानांवर गाइडची सही आहे, विभागप्रमुखांची आहे. आठ नंबरच्या टॅगवर आईची आहे.