देवळासमोरचा फोटो

ओसाकात मी एकटीच दोन दिवस भटकत होते. शनिवारी दुपारी उंच इमारतींच्या बेचक्यात एक एवढंसं देऊळ दिसलं. समोर एक म्हातारी बाई हात जोडून, डोळे मिटून उभी होती. तेवढ्यात मागून खणखणीत मराठी ऐकू आलं, "अगं, त्या म्हातारीला बाजूला व्हायला सांग, फोटोत येतेय!"

टोपी घातलेला एक गृहस्थ बायकोला सांगत होता. ती संकोचली, तेव्हा त्यानेच पुढे होऊन म्हातारीच्या खांद्याला बोट टोचलं. तिने दचकून डोळे उघडले आणि उलट तीच कमरेत वाकून माफी मागत बाजूला झाली.

मला त्याची शिसारी आली. एवढ्या अफाट शहरात आपण किती लहान आहोत हे माणसाला कळावं. याला फक्त फोटोतली जागा लहान वाटली.

माझा कुर्ता पाहून त्याने फोन पुढे केला. "आपल्याकडच्याच ना तुम्ही? जरा दोघांचा काढता?"

मी काढला. वर दोन जास्तीचे काढले. म्हातारी कडेला उभी राहून आमचं उरकण्याची वाट पाहत होती.

"छान आलेत हो," तो म्हणाला.

आणि मी चक्क "थँक्यू" म्हणाले.