जुन्या चाकाची फिर्याद

त्या प्रकरणाचे नाव निघाले की आजही मला आधी हसू येते आणि पाठोपाठ संताप. सत्तरच्या दशकात मी जिंतूर तालुक्यात फौजदार होतो. बोरीजवळच्या माळावर कपाशीवर औषध फवारणाऱ्या हेलिकॉप्टरचा तळ पडला होता. एके सकाळी तळावरचा इंजिनिअर ठाण्यात आला. त्याची फिर्याद अशी, की इंजिनातून काढलेले टर्बाइनचे जुने चाक चोरीस गेले. ठरावीक तास उड्डाण झाले की हे चाक, वरून धडधाकट दिसले तरी, बदललेच पाहिजे; न बदलल्यास ते हवेत फुटू शकते, असा नियम. 'चाक बदलले' असा सहीचा दाखलाही त्याने दाखवला.

टाकाऊ वस्तूसाठी हा माणूस एवढा घामाघूम का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

दुपारी एका मेंढपाळाने खबर दिली, "सायेब, लोहारानं भट्टीच्या पंख्याला नवं चक्कर लावलंय. लय वारा फेकायलंय."

लोहाराला मुद्देमालासह हजर केले.

"चोरी कबूल?"

"कबूल, सायेब. तंबूभाईर खोक्यात व्हतं, उचललं. पण जुनं म्हणू नका."

"फिर्यादीत जुनेच लिहिले आहे!"

"लिहिणाऱ्याला भट्टी ठाव हाय का? आगीतून गेलेलं लोखंड काळंनिळं पडतंय. हे तर लग्नातल्या परातीवानी चमकायलंय."

मी चाक उजेडात धरले. चोरीस गेलेले नवे असेल, तर जुने कुठे? इंजिनातच! आणि संध्याकाळची फवारणी सुरू व्हायची वेळ झाली होती.

जीप माळावर पोहोचली तेव्हा वैमानिक हेलिकॉप्टरच्या आत बसला होता. आमचे धिप्पाड हवालदार हेलिकॉप्टरसमोर हात पसरून उभे राहिले.

"हवेत पोलिसांचा अधिकार चालत नाही!" वैमानिक ओरडला.

"म्हणूनच जमिनीवर गाठले," असे म्हणून मी ते चाक त्याच्या मांडीवर ठेवले.

त्याने चाक पाहिले, मग बाजूला उभ्या असलेल्या इंजिनिअरकडे पाहिले.

"उद्या बसवणारच होतो," इंजिनिअर पुटपुटला. "आज सही तेवढी केली."

इंजिन उघडले. जुन्या चाकाच्या एका पात्याला केसाएवढी भेग होती.

इंजिनिअरवर खोट्या दाखल्याचा गुन्हा नोंदवला. सही म्हणजे तपासणी नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो आणि संबंधित कार्यालयांना सात पत्रांनी कळवले. एकाचेही उत्तर नाही.

चोरी मात्र चोरीच. लोहारालाही मी सोडले नाही. त्याला जामीन राहायला तो वैमानिक आला. सही करण्यापूर्वी त्याने जामिनाचा कागद तीन वेळा वाचला.